तान्हा पोळा, लाकडी नंदी आणि वजनाचा हिशेब



पोळा जवळ आला की नागपूरच्या इतवारी बाजारात लाकडी नंदी विकायला येतात. काही मुठीत मावतील एवढे, काही दोघांनी उचलावे एवढे. खाली चार चाकं, पुढे ओढायला दोरी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं आपापले नंदी सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा मिळवतात. ही पद्धत भोसल्यांच्या काळापासूनची असं सांगतात.

त्या दिवशी पोरांचं एक भांडण ठरलेलं. “माझा नंदी जड आहे, उतारावर तोच जोरात पळेल!” खरंच तसं होतं का? आज आपण करूनच पाहू.

एका लांब फळीचं एक टोक दोन विटांवर ठेवा. सारख्या आकाराचे, सारख्या चाकांचे दोन नंदी घ्या. एकाच्या पाठीवर तांदळाची पुरचुंडी घट्ट बांधा, म्हणजे त्याचं वजन दुपटीच्या आसपास जाईल. दोन्ही एका रेघेवर धरा आणि न ढकलता एकदम सोडा. दोन्ही जवळजवळ सोबतच खाली पोचतात!

असं का? जड नंदीला पृथ्वी दुप्पट जोराने खाली ओढते. पण जड वस्तू हलवायला जोरही दुप्पटच लागतो. हिशेब बरोबरीत सुटतो. मागे पडतो तो ज्याचं चाक तिरपं आहे किंवा आसाला घासतं तो नंदी. आसाला तेलाचा एक थेंब लावा, फरक लगेच दिसेल. बंडीच्या चाकाला आपण वंगण देतो ते याचसाठी.

आता फळीच्या खालच्या टोकापुढे रिकामा खोका ठेवा आणि एकेक नंदी सोडा. हलका नंदी खोक्याला थोडंसं सरकवतो. जड नंदी त्याला बराच पुढे ढकलत नेतो. वेग सारखाच होता, पण थांबवणं अवघड झालं.

मैत्रिणींनो, आमचं आजचं सांगणं इथेच आहे. कापसाने किंवा पोत्यांनी भरलेली बंडी उताराला लागते तेव्हा ती रिकाम्या बंडीएवढ्याच वेगात असली, तरी तिला आवरायला बैलांना कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचंही तेच. ब्रेकचा जोर तेवढाच असेल आणि वजन दुप्पट झालं, तर गाडी थांबायला अंतर दुप्पट लागतं. आणि वेग दुप्पट झाला तर अंतर चौपट लागतं! म्हणून वेग कमी करायचा तो उतार लागण्याआधी. उतारावर आल्यावर उशीर झालेला असतो.

तीन गोष्टी घरच्यांना नक्की सांगा. भरलेल्या ट्रॉलीवर लेकरांना बसवायचं नाही. उतारावर भरल्या गाडीच्या पुढे कोणी चालायचं नाही. आणि तान्ह्या पोळ्याला मोठा, जड नंदी उतारावरून नेताना पुढे दोरी ओढायला एक मोठं माणूस असेल, तर मागून धरायलाही एक मोठं माणूस हवंच.

यंदा पोरांचं भांडण सुरू झालं की त्यांना फळी आणि दोन विटा आणून द्या. आधी पैज लावू द्या, मग नंदी सोडू द्या. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं पोरं विसरत नाहीत.