फुकटाची मजुरी

“सारे फुकट वाटणार, तर खाणार काय?” मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलामुलींना घरी हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे.

परंतु इथले ‘मुक्त’ म्हणजे मोफत नव्हे. प्रोग्रॅम वाचण्याची, बदलण्याची, वाटण्याची मोकळीक. मेहनताना घ्यायला आडकाठी नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये आपल्या ‘ईमॅक्स’च्या टेप १५० डॉलरला विकल्या. १९८९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या सिग्नस कंपनीने मुक्त प्रोग्रॅमची दुरुस्ती आणि नव्या यंत्रांशी जुळवणी करून देण्याचे पैसे घेतले. विहीर गावाची असली, तरी मोट दुरुस्त करणाऱ्याला मजुरी द्यावीच लागते.

आम्हा बँकवाल्यांना आधी तारण दिसते. या धंद्यात तारण म्हणजे उघड्यावर केलेले काम. ते कुणीही तपासावे, मग माणसाला बोलवावे.

मात्र नुसत्या नावाने पोट भरत नाही. जर्मनीतले वेर्नर कॉख १९९७ पासून ईमेल कुलूपबंद करणारा ‘जीएनयूपीजी’ हा प्रोग्रॅम बराच काळ जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. त्यांची ओढाताण २०१५ मध्ये छापून आली, तेव्हा कुठे देणग्यांचा ओघ लागला.

म्हणून मुलांना अडवू नका. आपल्या तासाचा दर न लाजता सांगायला तेवढे शिकवा.