उघड्या समुद्रावरची होडी

शहरांतील गृहस्थाच्या पानांत पापलेटाची तुकडी पडते, तेव्हां ती कोणत्या होडींतून आली हा विचार सहसा मनांत येत नाहीं. सातपाटी, वसई किंवा रत्नागिरी येथील कोळ्याच्या घरीं मात्र होडीची निवड हा साऱ्या कुटुंबाच्या जीविताचा प्रश्न असतो.

नवखा मनुष्य होडी पाहतो ती खाडीच्या संथ पाण्यांत. कांठावर पाय देऊन ती हलवितो आणि जी कमी डुलेल ती उत्तम असें ठरवितो. ही परीक्षा फसवी आहे. सपाट तळाची रुंद होडी संथ पाण्यावर पाटासारखी स्थिर राहते. परंतु लाटेचा उतार येतांच ती त्या उताराबरोबर कलते, आणि समोरच्या लाटेवर आदळून तिचे सांधे खिळखिळे होतात. पाचरीसारख्या तळाची होडी थोडी अधिक डुलते खरी, पण लाट कापीत पुढें जाते. सातपाटीच्या परंपरागत होड्यांची निमुळती नाळ, रुंद अंग आणि उंच कांठ हीं अशाच अनुभवाचीं फळें होत.

कांठाची उंची रिकाम्या होडीवरून मोजूं नये. जातांना होडी हलकी असते. परततांना तिच्यांत मासळी, बर्फ आणि भिजलेलीं जाळीं असतात, व कांठ पाण्याच्या पुष्कळ जवळ आलेला असतो. खरी होडी ती हीच, आणि हिचाच हिशेब धरावा.

तळांत सांचलेलें पाणी तर सर्वांत कपटी. परातींत चार बोटें पाणी घालून ती उचलून पाहावी: परात जरा कलली कीं सारें पाणी त्याच बाजूस धांवतें व तिला अधिकच कलवितें. होडींतही हेंच घडतें, आणि सुटी मासळीही पाण्यासारखीच वाहते. म्हणून मासळीच्या जागेंत उभ्या फळ्या घालून कप्पे पाडलेले असावेत, आणि डेकवर चढलेलें पाणी चटकन् ओसरून जाण्यास बाजूंना मोऱ्या असाव्यात.

होडीची कठीण परीक्षा पुष्कळदां घराजवळच होते. खाडीच्या मुखाशीं समुद्र उथळ होतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट राहिली कीं लाट फुटूं लागते. ओहोटीचें पाणी समोरून आलें तर ती अधिकच उभी होते. अशी लाट पाठीमागून येऊन पिछाडी उचलते, नाळ खालीं रुतते आणि होडी गर्रकन् आडवी फिरते. आडव्या होडीवर लाट फुटली तर ती उलटूं शकते. याकरितां नाळ पाण्याजवळ निमुळती, पण वरच्या अंगास फुगत गेलेली असावी, म्हणजे ती बुडूं लागतांच पाणी तिला उचलून धरतें. तळाची कण्यासारखी तुळई, म्हणजे पठाण, खोल असेल तर होडीची दिशा टिकते. मात्र फार खोल असेल तर ओहोटींत ती वाळूला लागते. तेव्हां आपली खाडी पाहूनच तिचें माप ठरवावें.

इंजिन बंद पडल्यास होडी बहुधा लाटांस आडवी होते. यासाठीं चांगला नांगर आणि भरपूर लांब दोर हे इंजिनाइतकेच आवश्यक होत.

इतकें करूनही एक मर्यादा उरते. नोव्हेंबर २००९ मध्यें फयान चक्रीवादळ कोंकण किनाऱ्यावर आलें, तेव्हां पुष्कळ होड्या समुद्रावर होत्या. कित्येक कोळी परतले नाहींत. अशा वादळापुढें कोणत्याही सुताराचें कसब पुरें पडत नाहीं. तेथें वेळेवर मिळालेली सूचना आणि ती ऐकून माघारी वळणारा तांडेलच उपयोगी पडतो. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याची जुनी चाल याच शहाणपणांतून आलेली आहे. होडी निवडावी ती परतीच्या वाटेसाठीं; बाहेर जाण्यास कोणतीही पुरते.