पहिलं एअर पिस्तूल घेताय? स्पेसिफिकेशन नंतर बघा, आधी स्वतःचा हात बघा

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने 10 मीटर एअर पिस्तुलात ब्राँझ जिंकलं. मग सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिक प्रकारात दुसरं. आणि आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफलमध्ये तिसरं. तेव्हापासून माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रश्न वरचेवर येतो: "दादा, पिस्तूल घ्यायचंय. बेस्ट कुठलं?" सोबत तीन-चार मॉडेल्सचा स्क्रीनशॉट. वेग, वजन, किंमत, सगळं शेजारी शेजारी मांडलेलं, अगदी फोन घेताना मांडतो तसं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि सुट्टीच्या दिवशी रेंजवर एअर पिस्तूल शूटिंग करतो. तक्ते करायची सवय मलाही आहे. पण पिस्तुलाच्या बाबतीत तो तक्ता फारसा कामाचा नाही, आणि चुकीचं पिस्तूल म्हणजे घरच्यांचे लाखभर किंवा त्याहून जास्त रुपये अडकणं. म्हणून नेमकं काय बघायचं, ते क्रमाने समजून घेऊ.

आधी ठरवा: एअर पिस्तूल की फायर आर्म?

नवीन खेळाडूसाठी उत्तर जवळपास नेहमीच 10 मीटर एअर पिस्तूल हेच असतं. यात बारूद नसते. दाबलेल्या हवेने 4.5 मिमीचा शिशाचा छर्रा सुटतो. भारतात आर्म्स रूल्स 2016 नुसार एअर गनची बोअर 4.5 मिमीपेक्षा जास्त किंवा ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा जास्त असेल तर लायसन्स लागतं. मॅच पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला 150 मीटरच्या आसपास. म्हणजे ऊर्जा साधारण साडेपाच ज्यूल, मर्यादेच्या कितीतरी खाली. तरीही खरेदी अधिकृत डीलरकडूनच करायची, ओळखपत्र आणि वयाचा पुरावा द्यायचा, आणि बिल जपून ठेवायचं. वय 18 पेक्षा कमी असेल तर हा व्यवहार आई-वडिलांनीच करायचा.

राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तो प्रकार वेगळा, 25 मीटर पिस्तूल. त्यात पॉइंट टू-टू बोअरचं खरं फायर आर्म असतं आणि त्याला लायसन्स लागतं. ती पायरी नंतरची. हा लेख फक्त एअर पिस्तुलापुरता आहे.

दहाचं वर्तुळ आणि पाव मिलिमीटर

10 मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिमी व्यासाचं असतं. शर्टाच्या बटणाएवढं. छऱ्याची कड त्या वर्तुळाच्या रेषेला नुसती लागली तरी दहा मिळतात. म्हणजे छऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून 8 मिमीपर्यंत सरकला तरी चालतं.

आता दोन प्रकारच्या चुका बघा. समजा तुमचा अख्खा हात, पिस्तुलासकट, 5 मिमी बाजूला सरकला पण पिस्तुलाची दिशा सरळच राहिली. तर छर्राही 5 मिमीच सरकेल. दहा शाबूत!

पण समजा मनगट किंचित वळलं. पुढची आणि मागची साइट यांच्यात साधारण 33 सेंटिमीटर अंतर असतं. त्या 33 सेंटिमीटरवर झालेली चूक 10 मीटरवर पोचेपर्यंत 30 पट होते. दोन्ही साइट एकमेकींपासून पाव मिलिमीटरपेक्षा थोड्या जास्त हलल्या, की दहा गेले.

निवडीचं सगळं गणित इथे आहे. हात थोडा डुलणारच, ऑलिम्पिकवाल्यांचाही डुलतो. पण पिस्तूल हातात असं बसलं पाहिजे की मनगट वळणार नाही आणि ट्रिगर दाबताना दोन्ही साइट एका रेषेत राहतील. पुढचं सगळं त्यासाठीच.

वेगाचा आकडा विसरा

फोनच्या जाहिरातीत जसे मेगापिक्सेल, तसा एअर गनच्या जाहिरातीत वेग. कागदाला भोक पाडायला 150 मीटर प्रति सेकंद पुरेसा आहे, आणि जगातल्या उत्तम मॅच पिस्तुलांचा वेग तेवढाच असतो.

वेगापेक्षा महत्त्वाचं आहे ते हवा दाबायचं तंत्र. बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतील.

स्प्रिंगचं पिस्तूल सगळ्यात स्वस्त. ट्रिगर दाबला की जड पिस्टन पुढे धावतो, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत पिस्तूल हलायला लागतं. शिकताना यात मोठी अडचण होते. नेम तुमचा चुकला की पिस्तूल हललं, हे कळतच नाही.

सिंगल स्ट्रोकमध्ये प्रत्येक शॉटआधी एक लिव्हर ओढून हवा भरायची. धक्का जवळपास नाही, सिलिंडरची कटकट नाही. पण 60 शॉटच्या मॅचमध्ये 60 वेळा ती लिव्हर ओढावी लागते, आणि त्याच हाताने ओढत असाल तर हात थकतो.

पीसीपी म्हणजे आधीच हवा भरलेला सिलिंडर. बहुतेक मॅच पिस्तुलांत तो 200 बारचा असतो. आज मोठ्या स्पर्धांत जवळपास सगळीकडे हेच दिसतं. ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, जर्मनीची वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ, इटलीचं पार्दिनी ही या वर्गातली नावं.

या पाचांत सगळ्यात अचूक कोण? पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून, योग्य छऱ्यांनी मारलं तर यातलं प्रत्येक पिस्तूल पाच छर्रे जवळपास एकाच भोकातून काढतं. म्हणजे पिस्तुलाची अचूकता दहाच्या वर्तुळापेक्षा आधीच चांगली आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर मागचा कोड पक्का आहे, फरक आहे तो इंटरफेसचा. आणि इंटरफेस म्हणजे ग्रिप आणि ट्रिगर.

ग्रिप: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

मॅच पिस्तुलाची लाकडी ग्रिप बुटांसारखी मापाने येते: स्मॉल, मीडियम, लार्ज. डावखुऱ्यांसाठी वेगळी. तळहाताखाली वर-खाली सरकणारी एक फळी असते, तिच्यावर हाताची कड टेकते. बऱ्याच मॉडेल्समध्ये ग्रिपचा कोनही बदलता येतो.

चाचणी सोपी आहे. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा आणि रेंजवरच, टार्गेटकडे तोंड करून उभे राहा. डोळे मिटा, हात नेहमीसारखा वर उचला, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध दिसतेय? दहापैकी सात-आठ वेळा दिसत असेल तर ग्रिप तुमच्या हाताची आहे. दर वेळी डावीकडेच किंवा खालीच दिसत असेल तर तुम्ही प्रत्येक शॉटला मनगटाने ती चूक दुरुस्त करत बसणार. चाळिसाव्या शॉटनंतर मनगट थकलं, की ती दुरुस्ती बंद आणि गुण कमी.

थोडी गैरसोय असेल तर लाकूड घासून किंवा पुट्टी लावून ग्रिप हाताला बसवता येते. अनुभवी नेमबाज सर्रास करतात. पण माप पूर्ण चुकलेलं असेल तर पुट्टीने भागत नाही.

ट्रिगर: 500 ग्रॅमचा नियम

नियमानुसार एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा लागतो. स्पर्धेआधी 500 ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवून तपासतात. ते उचलताना पिस्तूल सुटलं तर नापास.

वजन सगळ्यांचं सारखंच, मग फरक कुठे? चांगल्या ट्रिगरमध्ये दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात बोट थोडं मागे जातं आणि एका ठिकाणी स्पष्ट अडतं. तिथून किंचित दाब वाढवला की शॉट सुटतो, अजिबात न घसटता. हे दोन्ही टप्पे आणि ट्रिगरची जागा तुमच्या बोटाप्रमाणे बदलता यायला हवी. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ बसायला पाहिजे. बोट तिरकं पडलं की दाब बाजूला जातो, आणि तो पाव मिलिमीटर तिथेच हातातून निसटतो.

तुमच्या रेंजवर स्कॅटसारखी यंत्रणा असेल तर जरूर वापरा. नळीला एक छोटा सेन्सर लावतात आणि शॉटआधी नेम कसा फिरत होता त्याची रेष स्क्रीनवर दिसते. मँटिसएक्स हे उपकरण तर तुमच्या फोनमध्ये असतात तसे अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप वापरून ट्रिगर दाबतानाची हालचाल थेट अ‍ॅपमध्ये दाखवतं. दोन वेगळी पिस्तुलं अशी तपासली, की "मला हे बरं वाटतं" यापलीकडचं उत्तर मिळतं.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यावा का? त्याचं दाबणं अतिशय स्वच्छ असतं. पण बॅटरी आणि सर्किट सांभाळावं लागतं, आणि बिघडलं तर गावातला मेकॅनिक उपयोगाचा नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरी सुरू असतानाच बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. 575 गुण करून ती बाराव्या क्रमांकावर राहिली आणि फायनल हुकली. बिघाड कुठल्याही पिस्तुलात होऊ शकतो. म्हणून मॉडेल ठरवताना आधी विचारा: याचे सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्या शहरात कोण करतं?

वजन आणि घरचा सराव

नियमाने पिस्तूल 1500 ग्रॅमपर्यंत चालतं, पण बहुतेक मॅच पिस्तुलं किलोभराच्या आसपास असतात. स्पर्धेत 75 मिनिटांत 60 शॉट, तेही एका हाताने. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना लांब नळीचं पिस्तूल पुढे जड लागतं. त्यांच्यासाठी छोट्या आकाराची मॉडेल्स मिळतात. दुकानात एकदा उचलून ठरवू नका. वीस वेळा उचला, मग बोला.

ड्राय फायरची सोय आहे का, हेही बघा. यात हवा आणि छर्रा न वापरता ट्रिगर खऱ्यासारखाच दाबता येतो. घरी भिंतीकडे बघून केलेला हा सराव फुकट असतो, आणि निम्मा खेळ त्यातच शिकला जातो. छर्रे मात्र घरात नकोत. पिस्तूल नेहमी भरलेलं आहे असंच समजून वागायचं, नळीत सेफ्टी फ्लॅग ठेवायचा आणि सराव झाला की कुलपात.

सेकंड हँड घेताना

परदेशी नवं मॅच पिस्तूल भारतात हातात पडेपर्यंत लाखाच्या बरंच पुढे जातं. त्यामुळे जुनं घेण्यात काहीच गैर नाही. फक्त एवढं तपासा:

- सिलिंडरवरची तारीख. सिलिंडरला कंपनीने ठरवून दिलेली मुदत असते, अनेकांची 10 वर्षं. मुदत संपलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यात धरा.
- हवा भरून रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आला असेल तर सील गेलेत.
- हवा भरायचा अ‍ॅडॅप्टर सोबत आहे का? प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे असू शकतात.
- मूळ बिल आणि त्यावरचा नंबर पिस्तुलाशी जुळतो का? जुळत नसेल तर सौदा सोडा.

आणि सिलिंडरमध्ये कोरडी, स्वच्छ हवाच भरायची. ऑक्सिजन कधीही नाही, स्फोट होऊ शकतो.

मग घ्यायचं कधी?

लगेच नाही. आधी क्लबच्या पिस्तुलावर दोन-तीन महिने काढा. तेवढ्यात तुमचा हात, तुमचा प्रबळ डोळा आणि तुमची चिकाटी, तिन्ही कळतात. रेंजवरच्या लोकांना विचारून त्यांची वेगवेगळी पिस्तुलं हातात घेऊन बघा. नेमबाज सहसा नाही म्हणत नाहीत.

बजेट ठरवताना पिस्तुलावर सगळे पैसे संपवू नका. रोज 60 शॉट मारले तर 500 छऱ्यांचा डबा आठ दिवसांत संपतो. रेंजची फी, कोचिंग, शूज, स्पर्धेचा प्रवास वेगळाच. दोन लाखांचं पिस्तूल घेऊन छऱ्यांसाठी पैसे नसलेल्या मुलापेक्षा ऐंशी हजारांचं जुनं पिस्तूल घेऊन रोज सराव करणारा मुलगा वर्षभरात पुढे निघून जातो. घरच्यांनी एफडी मोडायची तयारी दाखवली, तर त्यांच्यासमोर पिस्तुलाच्या किमतीऐवजी पूर्ण वर्षाचा खर्च मांडा. मग ग्रिप हाताला बसणारं, ट्रिगर स्वच्छ सुटणारं आणि आपल्या शहरात दुरुस्त होणारं जे मिळेल, ते घ्या. ब्रँड कुठलाही असो.