पन्नाशीत पुरे झालेले स्वप्न

आपल्या घरात एखादे तीन-चार वर्षांचे मूल असेल, तर त्याच्या उशाशी कापडी अस्वल बहुधा असतेच. त्याला ‘टेडी’ का म्हणतात, हे मात्र फार थोड्या आईबापांना ठाऊक असते. १९०२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीच्या रानात अस्वलाच्या शिकारीला गेले होते. पाहुण्याला शिकार मिळेना, तेव्हा बरोबरच्या मंडळींनी एक अस्वल पकडून झाडाला बांधले आणि म्हटले, घाला गोळी! साहेबांनी साफ नकार दिला. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे त्यांच्या शिकारधर्मात बसत नव्हते. वर्तमानपत्रात व्यंगचित्र आले, खेळणीवाल्यांनी संधी साधली, अन् ‘टेडी’ची स्वारी घरोघर गेली. (त्या जखमी अस्वलाचे हाल संपवायला त्यांनी सांगितले, हा भाग मुलांना सांगताना आपण गाळतो.)

याच गृहस्थांनी पुढे आफ्रिकेत जाऊन २९६ जनावरे मारली. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? त्यासाठी त्यांचे लहानपण पाहिले पाहिजे.

१८५८ साली न्यूयॉर्कच्या एका सुखवस्तू घरात जन्मलेला हा मुलगा दम्याने बेजार असे. रात्री श्वास कोंडला, की वडील त्याला घोडागाडीत घालून मोकळ्या हवेत फिरवून आणीत. अक्षरओळख होण्याआधीच डॉ. लिव्हिंगस्टनचे आफ्रिकेच्या प्रवासाचे जाडजूड पुस्तक तो घरभर ओढीत हिंडे आणि त्यातल्या चित्रांची गोष्ट सांगा म्हणून मोठ्यांच्या मागे लागे. पुढे बाजारात एक मेलेला सील दिसला; त्याची कवटी मिळवून चिरंजीवांनी घरातच प्राणिसंग्रहालय मांडले. त्या माउलीने पेंढा भरलेले पक्षी आणि कवट्या घरात कशा सोसल्या असतील, ते तिचे तीच जाणे!

तालीम करून मुलाने शरीर कमावले. तो सैनिक झाला, गव्हर्नर झाला, राष्ट्राध्यक्ष झाला; आफ्रिका मात्र राहूनच गेली. मार्च १९०९ मध्ये त्यांनी सत्ता सोडली, आणि तीन आठवड्यांच्या आत, २३ मार्चला, ‘हॅम्बुर्ग’ बोटीवर पाऊल ठेवले. वय पन्नास. मुष्टियुद्धाच्या हौसेपायी एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली. बरोबर एकोणीस वर्षांचा मुलगा कर्मिट, हार्वर्डचा अभ्यास बाजूला ठेवून आलेला.

ही नुसती हौशी स्वारी नव्हती. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला नमुने मिळवून द्यायचे ठरले होते, आणि संस्थेचे तीन प्राणिशास्त्रज्ञ बरोबर होते. कातडी टिकवायला चार टन मीठ घेतले होते! संस्थेसाठी खर्चाची वर्गणी कार्नेगीसारख्या धनिकांनी दिली. साहेबांनी आपला वाटा मासिकासाठी लेखमाला लिहून उभा केला. बहिणीने साठेक पुस्तके डुकराच्या चिवट कातड्यात बांधून दिली होती. बायबल, शेक्सपिअर, होमर, मार्क ट्वेन – सारा ग्रंथसंग्रह एका हमालाचे ओझे. झाडाखाली बसून साहेब वाचीत. घाम, रक्त, धूळ नि बंदुकीचे तेल लागून त्या बांधणीला घोड्याच्या खोगिराची कळा आली.

२१ एप्रिलला ते मोंबासाला उतरले. तिथून आत जाणारी युगांडा रेल्वे तीस हजारांवर हिंदी मजुरांनी बांधली होती. साव्हो नदीवर पूल होत असताना, १८९८ साली, दोन नरभक्षक सिंहांनी त्यांच्या छावण्यांत हाहाकार उडवला होता. त्याच रुळांवरून रूझवेल्टसाहेब निघाले, तेही इंजिनाच्या पुढे, तोंडाशी बसवलेल्या बाकावर! दुतर्फा झेब्रे, हरणे, जिराफ. लहानपणीचे चित्रांचे पुस्तक जणू समोर उलगडत होते.

पुढे अडीचशेच्या आसपास हमाल, तंबूवर फडकणारा अमेरिकेचा ध्वज, आणि कनिंगहॅम नावाचा मुरलेला शिकारी वाटाड्या. जिवावरचा प्रसंग आला तो केनिया पर्वताच्या उतारावरच्या दाट रानात. दुनळीच्या दोन्ही गोळ्या घालून साहेबांनी एक मोठा सुळेवाला हत्ती पाडला. तोच झुडपे फोडून दुसरा हत्ती अंगावर आला, इतका जवळ, की त्याच्या सोंडेला ते सहज सापडते. बंदूक रिकामी! ते झाडाआड सरकले. कनिंगहॅमने गोळ्या घातल्या, तेव्हा कुठे तो वळला.

मार्च १९१० मध्ये खार्टूमला पत्नी व मुलगी भेटल्या, आणि मोहीम संपली. बापलेकांनी मिळून ५१२ मोठी जनावरे मारली होती. त्यांत १७ सिंह, ११ हत्ती, २० गेंडे. टीका झाली, तेव्हा त्यांचे म्हणणे असे, की मला दोष द्यायचा तर प्राण्यांची सारी संग्रहालयेही दोषी धरा. उत्तर चतुर खरे. पण मला ते पुरते पटत नाही. तरी या माणसाला नुसता खाटिक म्हणणेही अन्यायाचे होईल. राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी पक्ष्यांसाठी ५१ राखीव क्षेत्रे केली, दीडशे राष्ट्रीय वने केली, पाच नवी राष्ट्रीय उद्याने दिली.

मला खटकते ती एकच गोष्ट, पांढऱ्या गेंड्यांची. मोहिमेच्या शेवटी, नाईलकाठच्या लाडो प्रदेशात, उत्तरेकडच्या जातीचे नऊ गेंडे बापलेकांनी मारले. हे जनावर दुर्मिळ होत चालले असावे, अशी शंका त्यांना होती. किती उरले आहेत याची नीट चौकशी होईपर्यंत त्याची शिकार बंद ठेवावी, असे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात लिहूनही ठेवले. पण ते गोळ्या झाडून झाल्यावर!

केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. गेंड्यांच्या शिंगांवर डोळा ठेवणारे चोर मात्र थांबले नाहीत. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांतला शेवटचा नर, ‘सुदान’ त्याचे नाव, १९ मार्च २०१८ रोजी केनियातल्या ओल पेजेटा अभयारण्यात गेला. हे रान त्याच केनिया पर्वताच्या पायथ्याशी आहे. त्याच्यामागे दोनच माद्या राहिल्या, लेक नाजिन आणि नात फातू. आणि त्यांच्याभोवती रात्रंदिवस बंदूकधारी राखणदार.