उसाच्या रसात चुना : आम्ल, अल्क आणि उदासिनीकरण

मागच्या आठवड्यात आपण लिंबाचा रस, ताक आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी लिटमसने तपासले. आम्ल आणि अल्क एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होते, हे समीकरण तुमच्या वहीत आहेच. वहीत ते एका ओळीत संपते. तेच टनावारी कसे घडवतात हे पाहायला आज चलथाणला जाऊ.

उधन्याहून जळगावकडे निघालेली गाडी बारडोलीच्या आधी चलथाणला येते. इथे सहकारी साखर कारखाना आहे. दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला डांगातून, नंदुरबार-धुळ्याकडून माणसे हंगामभर येतात. तुमच्यापैकी कोणाच्या घरच्यांनी बांधलेली मोळी इथल्या गव्हाणीत पडलीही असेल.

उसाचा ताजा रस जिभेला फक्त गोड लागतो, पण तो आम्लधर्मी असतो. त्याचा सामू (pH), म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, सव्वापाच-साडेपाचच्या आसपास भरतो. सामूची ही मोजपट्टी 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी मांडली. तिच्यावर सात म्हणजे उदासीन. सातवरून पाचवर यायला दोनच पायऱ्या उतराव्या लागतात, पण प्रत्येक पायरीला हायड्रोजन आयन दहापट वाढतात. म्हणजे पाच सामूच्या द्रावणात ते शुद्ध पाण्याच्या शंभरपट असतात.

हा आम्लपणा साखरेचा शत्रू आहे. आम्ल आणि उष्णता मिळाली की सुक्रोजचा रेणू फुटतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज सुटे होतात. गोडी राहते, पण तेवढी साखर दाणा धरत नाही, मळीत निघून जाते. रस तर उकळून आटवायचाच असतो. म्हणून आधी आम्ल आवरावे लागते.

त्यासाठी कळीचा चुना पाण्यात विरवतात. तो केवढा तापतो हे घराला चुना लावणाऱ्यांना विचारा. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमही नाही. म्हणून नुसती निवळी न वापरता चुन्याचे दाट दूध करून ते गरम रसात सोडतात. चुन्यातले हायड्रॉक्साइड आयन आणि रसातले हायड्रोजन आयन यांचे पाणी होते. रसातल्या फॉस्फेटशी कॅल्शियम जुळून न विरघळणारा साका बनतो आणि मातकट, चिकट मळ आपल्याबरोबर घेऊन खाली बसतो.

मग चुना भरपूर घालून मोकळे का होत नाहीत? कारण अल्क जास्त झाला की ग्लुकोज-फ्रुक्टोज मोडतात आणि रस काळवंडतो. गुऱ्हाळातल्या गुळव्यालाही हे ठाऊक असते. चुना जादा पडला की गूळ काळपट निघतो, आणि मग भाव पडतो.

आपल्याकडच्या बहुतेक साखर कारखान्यांनी यावर चांगला उपाय शोधला आहे. मळ खाली बसावा म्हणून चुना गरजेपेक्षा जास्तच घालतात आणि त्याच वेळी गंधक जाळून मिळालेला सल्फर डायऑक्साइड रसात सोडतात. हा वायू पाण्याशी मिळून सल्फ्युरस आम्ल होतो, आणि ते जादा चुन्याला उदासीन करते. इथे तयार होणारा क्षार म्हणजे कॅल्शियम सल्फाइट. तोही साक्याबरोबर खाली बसतो, आणि रंगही उजळतो. रस सातच्या जवळ राखायचा असतो. इकडे सरकला तर साखर फुटते, तिकडे सरकला तर रंग बिघडतो. गाड्या येतील तसा ऊस बदलतो आणि आम्लताही बदलते, म्हणून पाळीवरच्या माणसाला सामू सारखा पाहावा लागतो. मला उदासिनीकरणाचा खरा अर्थ इथे दिसतो: योग्य जागी थांबणे.

घरी करून पाहा. रसवंतीतला लिंबू न घातलेला रस गाळून घ्या. पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी थेंबाथेंबाने रसात घाला. (चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, शेजारी मोठे माणूस हवे.) रस पिवळसर होत जाईल. दर थोड्या थेंबांनी हळदीच्या कागदावर एक ठिपका ठेवा. ठिपका लाल दिसला की सात ओलांडून तुम्ही पलीकडे गेलात, कारण हळद साडेसातच्या पुढेच रंग बदलू लागते. मग त्या रसात लिंबाचे दोन-तीन थेंब पिळून ठिपका पुन्हा तपासा. हा रस पिऊ नका. दोन्ही वेळचे थेंब मोजून वहीत लिहा. पुढच्या भागात त्याच आकड्यांवरून गणित मांडू.