कौल: पसंतीच्या टक्केवारीची कहाणी

‘कौल’ हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथे त्याने दोन घरे केली. पहिले घर दफ्तरातले. दुष्काळाने किंवा धामधुमीने ओसाड पडलेला गाव पुन्हा वसवावयाचा असला, परागंदा झालेल्या रयतेला माघारी आणावयाचे असले, म्हणजे शिवशाहीत आणि पुढे पेशवाईतही सरकार कौल देत असे: या, जमिनी लावा, आरंभीची वर्षे सारा हलका राहील, मग इस्ताव्याने तो वर्षागणिक चढत जाईल, आणि तुमच्या जीविताला व वित्ताला उपसर्ग पोहोचणार नाही. दुसरे घर देवळातले. कोकणात आजही एखाद्या कुटुंबावर निर्णयाचा प्रसंग आला की गुरव देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो, आणि सारी माणसे श्वास धरून पाहत राहतात. उजवीकडची पाकळी गळाली तर होकार, डावीकडची गळाली तर नकार. वर्तमानपत्रांनी हाच शब्द उचलून निवडणुकीच्या निकालाला ‘जनतेचा कौल’ असे नाव दिले, तेव्हा दफ्तरातल्या अर्थाची दिशा पार उलटली, कारण जो कौल पूर्वी सरकार रयतेला देई तो आता रयत सरकारला देऊ लागली. देवळातला अर्थ मात्र तसाच राहिला. पाकळीला होय किंवा नाही एवढेच बोलता येते, आणि गाऱ्हाणे कोणत्या शब्दांत घातले ह्यावर त्या बोलण्याचा अर्थ ठरतो.

मतपेटीचा कौल चार-पाच वर्षांनी एकदा मिळतो. मधल्या काळात राज्यकर्त्याच्या कारभाराविषयी प्रजेला काय वाटते हे जाणण्याची साधने जुन्या राजवटींत हेर, अखबारनवीस आणि बाजारगप्पा एवढीच होती. गेल्या नव्वद वर्षांत त्यांच्या जोडीला जनमत-पाहणी आली, आणि अध्यक्ष किंवा पंतप्रधान आज किती टक्के लोकांना पसंत आहेत हा आकडा सोन्याच्या भावासारखा छापला जाऊ लागला. कोणाला किती जागा मिळतील ह्या भाकितांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे आढावा घ्यावयाचा आहे तो ह्या पसंतीच्या आकड्याचा. हा आकडा मला मोलाचा वाटतो, परंतु प्रश्न कोणता होता, तो कोणाला विचारला आणि कोणत्या घडीला विचारला, हे तिन्ही सोडून नुसता आकडा वाचला की तो भाटगिरीचे किंवा निर्भर्त्सनेचे हत्यार होतो, असे माझे मत आहे.

ह्या विद्येचा आरंभ अमेरिकेतील एका प्रख्यात नामुष्कीतून झाला. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदी समोर ठेवून सुमारे एक कोटी पत्रे धाडली, त्यांपैकी तेवीस-चोवीस लाख भरून परत आली, आणि त्या प्रचंड ढिगाऱ्याच्या आधारावर रूझवेल्ट पडणार व आल्फ लँडन निवडून येणार असे जाहीर करण्यात आले. प्रत्यक्षात ४८ राज्यांपैकी ४६ रूझवेल्टच्या पदरात पडली. मंदीच्या दिवसांत ज्यांच्या घरी टेलिफोन आणि दारात मोटार होती त्यांचे मत हेच राष्ट्राचे मत मानले गेले होते, आणि त्यातही ज्यांना आवर्जून उत्तर धाडावेसे वाटले तेवढ्यांचेच मोजले गेले होते. आदल्याच वर्षी संस्था काढून बसलेल्या जॉर्ज गॅलप ह्या आयोवा राज्यातील तरुणाने मात्र सुमारे पन्नास हजार माणसे निवडून घेतली, रूझवेल्टच्या विजयाचे भाकीत केले, आणि साप्ताहिकाचा आकडा चुकणार हेही आधीच सांगून ठेवले. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले. शितावरून भाताची परीक्षा करावी हे आपल्या घरातल्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. पण शीत पातेल्याच्या वरच्या थरातूनच घेतले तर खालचा भात कच्चा की करपलेला हे समजत नाही, हेही तिलाच ठाऊक असते. खुद्द गॅलपलाही १९४८ साली ठेच लागली. ठरीव वाट्याप्रमाणे माणसे निवडण्याची त्याची पद्धत सदोष होती, शेवटच्या आठवड्यांत पाहणी थांबवली गेली होती, आणि ड्यूई जिंकणार म्हणून सांगितलेल्या निवडणुकीत ट्रुमन जिंकले.

पसंतीचा जो प्रश्न गॅलपने रूढ केला त्याची शब्दरचना थोड्याफार फरकाने आजतागायत टिकून आहे. अध्यक्ष ज्या रीतीने आपले काम पार पाडीत आहेत ती तुम्हांला पसंत आहे की नापसंत, एवढाच तो प्रश्न. तुम्ही त्यांना मत द्याल का, त्यांच्यावर तुमची श्रद्धा आहे का, त्यांच्या पक्षाचे धोरण तुम्हांला मान्य आहे का, ह्यांपैकी काहीही तो विचारीत नाही. पिढ्यान् पिढ्या एकच प्रश्न एकाच शब्दांत विचारला गेल्यामुळे मात्र त्याला असे मोल चढले आहे की अमेरिकेच्या अर्वाचीन इतिहासाचा तो एक प्रकारचा ज्वरमापकच झाला आहे.

ट्रुमन ह्यांचेच पाहा. रूझवेल्टच्या मृत्यूमुळे एप्रिल १९४५ मध्ये ते अकस्मात अध्यक्ष झाले, आणि जूनमध्ये ८७ टक्के लोकांनी त्यांच्या कामाला पसंती दिली. त्या वेळी त्यांनी काम असे केले होते तरी काय? जर्मनीचा पराभव त्यांच्या पूर्वसूरीने सिद्ध करून ठेवला होता, आणि शोकाकुल राष्ट्र नव्या माणसाला संधी देऊ पाहत होते. दीड वर्षाच्या आत संप, भाववाढ आणि मांसाची टंचाई ह्यांनी तो आकडा तिशीच्या आसपास आणला. पुढे कोरियाचे युद्ध रेंगाळले, एप्रिल १९५१ मध्ये ट्रुमन ह्यांनी लोकप्रिय सेनापती मॅकार्थर ह्यांना बडतर्फ केले, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये पसंती २२ टक्क्यांवर उतरली. गॅलपच्या साऱ्या नोंदींत ह्याहून खालचा आकडा अनेक दशके कोणाच्या वाट्याला आला नाही. मुलकी सत्तेपुढे सेनापतीने नमलेच पाहिजे ह्या तत्त्वासाठी ट्रुमन ह्यांनी लोकक्षोभ पत्करला, आणि इतिहासकार आज त्यांची गणना चांगल्या अध्यक्षांत करतात. ८७ आणि २२ ही दोन्ही उत्तरे त्या त्या घडीला प्रामाणिकच होती, आणि तरीही ट्रुमन ह्यांची योग्यता त्या दोहोंपैकी एकातही मावत नाही.

संकटाची घडी ह्या आकड्याला कशी उचलते ह्याचे शास्त्रीय विवेचन जॉन म्यूलर ह्या अभ्यासकाने १९७० साली केले. परराष्ट्राशी एकाएकी प्रसंग उद्भवला की प्रजा राष्ट्रप्रमुखाभोवती गोळा होते, आणि त्याचा निर्णय बरोबर होता की चूक ह्याचा विचार मागाहून येतो. केनेडी ह्यांची क्यूबावरील मोहीम एप्रिल १९६१ मध्ये सपशेल फसली, आणि त्यानंतर त्यांची पसंती ८३ टक्क्यांवर गेली. धाकटे बुश ह्यांची पसंती सप्टेंबर २००१ च्या पहिल्या आठवड्यांत ५१ टक्के होती, ११ तारखेच्या हल्ल्यानंतर महिनाअखेरीपूर्वीच ९० झाली, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये २५ वर आली. त्यांचे वडील १९९१ च्या आखाती युद्धानंतर ८९ टक्क्यांवर होते. पुढल्या वर्षीच्या जुलैत ते २९ वर उतरले, आणि नोव्हेंबरात क्लिंटन ह्यांच्याकडून पराभूत झाले.

चर्चिल ह्यांचे उदाहरण मला ह्या साऱ्यांहून बोधक वाटते. युद्ध जिंकून देणाऱ्या त्या पंतप्रधानाला मे १९४५ च्या ब्रिटिश गॅलप पाहणीत ८३ टक्के पसंती होती, आणि जुलैत त्याच प्रजेने त्यांच्या पक्षाला सत्तेवरून खाली उतरवून मजूर पक्षाला ३९३ जागा दिल्या. येथे पाहणी चुकली असे म्हणता येत नाही, कारण त्याच संस्थेच्या मतदानविषयक पाहण्या मजूर पक्षाची आघाडी दाखवीत होत्या. वाड्यातल्या वृद्ध कारभाऱ्याने दरोडा परतवून लावला म्हणून सारे घर त्याचे ऋणी असावे, आणि तरीही उद्यापासून घरखर्चाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती द्याव्या असे घराने एकमताने ठरवावे, ह्यात कृतघ्नता मुळीच नाही. लोक त्या दोन प्रश्नांची दोन उत्तरे देत होते.

जेथे मोकळेपणी बोलण्यात जोखीम आहे तेथे ह्या आकड्याचे काय करावे? रशियात लेवाडा ही स्वतंत्र पाहणीसंस्था पुतिन ह्यांची पसंती वर्षानुवर्षे मोजत आली आहे. २०१६ साली सरकारने तिच्यावर ‘परकीय हस्तक’ असा शिक्का मारला. त्याआधी क्रिमिया रशियात सामील करून घेतल्यानंतर ही पसंती ८० टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा ही उत्तरे भयापोटी आली असावीत असा संशय पुष्कळांनी घेतला. त्याची कसोटी पाहण्यासाठी काही राज्यशास्त्रज्ञांनी २०१५ साली एक युक्ती योजली. माणसांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने पाडले. एका गटाला स्टालिन, ब्रेझनेव्ह आणि येल्त्सिन ही तीन नावे दाखवली. दुसऱ्याला तीच तीन आणि चौथे पुतिन ह्यांचे. ह्यांपैकी किती जणांना तुमचा पाठिंबा आहे तेवढी संख्या सांगा, कोणाकोणाला ते सांगू नका, असे विचारले. नाव उच्चारावयाचे नसल्यामुळे कोणी कोणास धरू शकत नाही, आणि तरीही दोन गटांच्या सरासरीतील अंतर म्हणजे पुतिन ह्यांचा खरा पाठिंबा. तो सुमारे ८० टक्के निघाला. थेट विचारल्यावर मिळणाऱ्या आकड्याहून थोडाच कमी. भयाचा वाटा परक्यांच्या अंदाजापेक्षा लहान होता. मात्र वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी ज्यांच्या मुठीत आहेत त्यांच्याविषयी प्रजेने प्रामाणिकपणे दिलेले मतसुद्धा किती स्वतंत्र मानावे हा प्रश्न त्या युक्तीने सुटत नाही, आणि मला तो अधिक दारुण वाटतो.

आपल्याकडे नमुना-पाहणीचे शास्त्र राजकारणाच्या अगोदर पिकांवर घासून पाहिले गेले. नजरेने पीक जोखून आणेवारी ठरवण्याची महसूल खात्याची जुनी चाल होती. तिच्या जागी शेतातला लहानसा तुकडा यदृच्छेने निवडून, कापून, तोलून पाहण्याची रीत आली. कलकत्त्यात १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापणारे महालनोबिस आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांच्यात ह्या तुकड्याच्या आकारावरून मोठा वाद झाला. सुखात्मे ह्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसते, कारण दोरीच्या काठावर उभे असलेले रोप आत धरावे की बाहेर अशी शंका आली म्हणजे मोजणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तो लबाडी करीत नसतो. परंतु असे तुकडे हजारोंनी कापले तरी ही चूक कमी होत नाही, ती एकाच बाजूला साचत जाते. पसंतीच्या पाहणीत मला हे काठावरचे रोप पदोपदी दिसते.

माणसांच्या राजकीय मतांची पाहणी आपल्याकडे एरिक दा कोस्टा ह्यांनी १९५४ साली दिल्लीत लोकमत-संस्था काढून सुरू केली. पुण्यात प्रा. व. मं. सिरसीकर ह्यांनी १९६२ च्या निवडणुकीत मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला, आणि दिल्लीच्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने १९६७ पासून देशव्यापी अभ्यासांचा पाया घातला. पुढे वाहिन्यांचा सुकाळ झाला आणि भाकितांची घाई वाढली. २००४ साली सत्तारूढ आघाडीला बहुमताच्या जवळपास नेणारे अंदाज तिला १९० च्या आतच जागा मिळाल्याने कोसळले. २०२४ साली बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्तारूढ आघाडीला ३५० च्या वर नेले, प्रत्यक्षात २९३ मिळाल्या. पंतप्रधानांच्या पसंतीचे आकडे ह्याहून अधिक वाहवत जातात, कारण त्यांना खोटे पाडणारी मतमोजणीच नसते. देशोदेशींच्या नेत्यांची जी क्रमवारी एक अमेरिकी संस्था प्रसिद्ध करते आणि जिच्यात आपले पंतप्रधान दीर्घकाळ अग्रभागी राहिले, तिच्यातला भारतीय नमुना साक्षर लोकसंख्येपुरता असतो. ही मर्यादा ती संस्थाच नमूद करते, परंतु मथळ्यांत ती कधी उतरत नाही. खुद्द अमेरिकेतही बोलावयास तयार होणारी माणसे विरळ झाली आहेत. प्यू ह्या संस्थेच्या दूरध्वनी-पाहण्यांना १९९७ साली ३६ टक्के लोक उत्तर देत. २०१८ साली ६ टक्के.

काही वर्षांपूर्वी सातारा भागात अशाच एका पाहणीसाठी फिरणाऱ्या विद्यार्थिनीबरोबर मी दिवसभर हिंडलो. एका घरी कर्ता पुरुष शेतावर होता, ओसरीवर त्याची आई शेंगा फोडीत बसली होती. यादीत तिचेच नाव निघाले होते. मुलीने शिकवल्याप्रमाणे विचारले, “आजी, पंतप्रधानांच्या कामाबद्दल तुम्ही समाधानी आहात का?”

“बस पोरी, आधी पानी घे,” आजी म्हणाली. मग शेंगा फोडता फोडताच बोलू लागली. “रेशनचं तांदूळ येतंय, त्येला नाव ठिवायचं न्हाई. खोटं का बोलू? पर अवंदा कांदा आमी रस्त्याकडंला वतला. अन् थोरला नातू शिकून घरी बसलाय. आता ह्यातलं कुनाचं काम कंचं, ते मला काय ठावं?”

मुलीने नियमाप्रमाणे तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा वाचला, आणि पुढची उत्तरेही वाचून दाखवली: पूर्ण समाधानी, काहीसे समाधानी, काहीसे असमाधानी, पूर्ण असमाधानी, सांगता येत नाही. आजी हसली. “म्या सांगितलं की समदं.” मुलीची पेन्सिल दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनांच्या मधल्या रेघेवर बराच वेळ थांबली. शेवटी तिने पाचव्या चौकोनात खूण केली, आणि समासात बोटभर जागा उरली होती तेवढ्यात बारीक अक्षरांनी लिहून ठेवले: तांदूळ, कांदा, नातू.