गोदामातील गोळी : किडीचा काळ, माणसालाही घातक

सुगी आटोपली की लोणार परिसरात सोयाबीन, तूर, हरभऱ्याची पोती गोदामात रचली जातात. कीड लागू नये म्हणून त्यांत अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी ठेवतात. हवेतील ओलावा लागताच तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. 3 ग्रॅमच्या गोळीतून सुमारे 1 ग्रॅम.

हा वायू भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलीत शिरतो. म्हणून गोदामाला लागून राखणदार, हमाल वा घरच्यांनी झोपू नये. लसणासारखा वास येतो. पण वास नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये.

डोके दुखणे, उलट्या, छाती आवळणे, धाप ही लक्षणे अपचनाची समजून अंगावर काढू नयेत. अशा रुग्णाच्या नातेवाइकांना मी आधी विचारतो, "धान्याला गोळी लावली आहे का?" कारण या विषावर उतारा नाही, वेळ महत्त्वाचा. रुग्णाला मोकळ्या हवेत आणून तडक रुग्णालयात न्यावे.

रुमाल बांधून आत धावू नये. रुमाल हा वायू अडवीत नाही. गोळीवर पाणी टाकू नये, पेट घेण्याची भीती असते. गोळ्या लावण्याचे काम परवानाधारक जाणकाराकडूनच करवावे. राहत्या घरात मात्र ही गोळी नकोच. धान्य उन्हात खडखडीत वाळवून भरावे.